पिशवीतली बाटली: वैद्यकीय गांजाविषयी रुग्णालयीन फार्मासिस्टांना काय विचारावे

नांदेडहून फार्म. डी.च्या पाचव्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "मराठवाड्यातल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या फार्मासिस्टांचे वैद्यकीय गांजाविषयीचे ज्ञान आणि त्यांचा दृष्टिकोन, असा प्रकल्प मी घेतला आहे. प्रश्नावली परदेशी अभ्यासांच्या धर्तीवर केली आहे. ती इथे चालेल का? आपल्या फार्मासिस्टांना या विषयातले खरोखर काय माहीत असते, आणि त्यांचा विरोध असतो तो नेमका कशाला?"

तुमचा मसुदा मी दोनदा वाचला. रुग्णालयाच्या औषध भांडारात माझी सव्वीस वर्षे गेली असून त्यांतली शेवटची अकरा वर्षे मॉर्फिन, फेंटानिल आणि केटामाइनच्या कपाटाची चावी माझ्याकडे आहे, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी मला बरेच सांगायचे आहे. आधी मसुद्याविषयी स्पष्ट सांगतो: तो जसाच्या तसा वाटलात तर टक्केवारी हाती येईल, पण ती कशाची टक्केवारी आहे हे परीक्षकांनी विचारले तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

मसुद्यातला चौथा प्रश्न घ्या. दाखल झालेल्या रुग्णाने स्वतःचा वैद्यकीय गांजा सोबत आणला तर तो साठवण्याची आणि देण्याची तुमच्या रुग्णालयाची पद्धत कोणती, असा तो आहे. कॅनडात हा प्रश्न रास्त ठरतो, कारण तिथे वैद्यकीय कारणासाठी गांजा मिळण्याची कायदेशीर वाट २००१ पासून आहे आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो प्रौढांसाठी एकूणच कायदेशीर झाला आहे. नेदरलँड्समध्ये २००३ पासून तो औषध दुकानांतून मिळतो, जर्मनीत मार्च २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, आणि ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून विशेषज्ञांच्या नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांना तो लिहून देता येतो. तिथल्या सर्वेक्षणांचा सूर साधारणपणे असा असतो की, फार्मासिस्ट वैद्यकीय वापराच्या बाजूने असतात, पण रुग्णाला समजावून सांगण्याइतका विश्वास त्यांना स्वतःच्या ज्ञानावर नसतो आणि त्यांना प्रशिक्षण हवे असते. आमच्या फॉर्म्युलरीत, म्हणजे रुग्णालयाच्या मंजूर औषधांच्या यादीत, मात्र गांजाजन्य एकही औषध नाही. ते इंडेंटवर (मागणीपत्रावर) येत नाही, स्टॉक रजिस्टरला चढत नाही, त्याची मुदत संपत नाही. ते येते नातेवाइकांच्या पिशवीतून, डब्याखाली, टॉवेलात गुंडाळून. त्यामुळे इथल्या फार्मासिस्टाला "पद्धत कोणती" असे विचारले की तो "लागू नाही" यावर खूण करतो, आणि त्याच दिवशी त्याच्या वॉर्डातला एखादा रुग्ण घरून आणलेले गांजाचे तेल घेत असतो.

आता ज्ञानाविषयी. आपल्या फार्मासिस्टांना गांजाविषयी काहीच माहीत नाही असे म्हणणे बरोबर नाही. फार्माकोग्नोसीच्या (औषधी वनस्पतींच्या अभ्यासाच्या) प्रात्यक्षिकात पानाचा छेद घेऊन सिस्टोलिथ, म्हणजे चुन्याचे खडे, असलेले केस आपण सगळ्यांनीच काढले आहेत, गांजा ओळखण्याच्या बीमच्या चाचणीत अल्कोहोलयुक्त पोटॅशच्या द्रावणाने जांभळा रंग येतो हे तोंडी परीक्षेत सांगितले आहे, आणि माझ्या पिढीला तर राळयुक्त औषधांच्या यादीत "इंडियन हेम्प" पाठच होते. नोकरीला लागल्यावर हीच वनस्पती आपल्याला दुसऱ्यांदा भेटते ती १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या परिपत्रकांतून, किंवा तुरीच्या नाहीतर कापसाच्या शेतात लपवून लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातमीतून. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची वनस्पती ठाऊक आहे आणि पंचनाम्यातली वनस्पतीही ठाऊक आहे, पण यकृतात गेल्यावर ती काय करते, हा मधला सगळा भाग कोरा राहिला आहे. गांजातले घटक शरीरात ज्यांना चिकटतात त्या ग्राहींपैकी सीबी-१ हा १९९० मध्ये आणि सीबी-२ हा १९९३ मध्ये ओळखला गेला, मेंदूत आपोआप तयार होणारा त्यांचा जोडीदार १९९२ मध्ये सापडला आणि त्याला संस्कृतातल्या आनंदावरून "आनंदमाइड" हे नाव मिळाले. हे सगळे आमचे शिक्षण झाले तोवर क्रमिक पुस्तकांत धड उतरलेले नव्हते. तुमच्या प्रश्नावलीत ग्राहींवर तीन प्रश्न आहेत. त्यांतले दोन काढा. ग्राहीचे नाव न आल्याने कुणाही रुग्णाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

त्यापेक्षा मोठी अडचण शब्दांची आहे, आणि तुमच्या मसुद्यात ती ध्यानातच घेतलेली नाही. तुम्ही सर्वत्र "कॅनाबिस" लिहिले आहे. हा शब्द वाचून एकाच्या डोळ्यांपुढे जत्रेतली चिलीम येते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे महाशिवरात्रीची भांग, तिसऱ्याला आयुर्वेदातली विजया आठवते, आणि नुकत्याच रुजू झालेल्या मुलाला मोबाईलवर जाहिरातीत दिसणारे सीबीडी (कॅनाबिडिऑल, गांजातला नशा न आणणारा घटक) तेल. मी एकदा चहाच्या वेळी आमच्याच पाच-सहा सहकाऱ्यांना हा प्रश्न वेगवेगळ्या नावांनी विचारून पाहिला होता. याला सर्वेक्षण म्हणत नाही, पण "गांजा औषध म्हणून द्यावा का" याला ठाम नकार देणारे गृहस्थच दहा मिनिटांनी "जातीफलादी चूर्णात भांग असते, ते ग्रहणीला चांगले लागू पडते" असे सांगत होते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. म्हणून गांजा, भांग, विजया आणि सीबीडी या चार शब्दांचे चार वेगळे प्रश्न करा, मात्र बाकीचे वाक्य अक्षरशः तेच ठेवा. त्या चार उत्तरांतला फरक हाच तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष ठरेल असे मला वाटते.

कायद्याच्या भागात तुम्ही "भारतात वैद्यकीय गांजा कायदेशीर आहे: होय / नाही" असा एकच प्रश्न ठेवला आहे. याला होय म्हणणाराही थोडा चुकतो आणि नाही म्हणणाराही. १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येत चरस म्हणजे वेगळी केलेली राळ, आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. कलम ८ ने बंदी घातली आहे, पण तिथेच वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाचा अपवाद ठेवला आहे, आणि लागवडीला परवानगी देण्याचे अधिकार राज्यांकडे आहेत. व्याख्येतून पाने सुटली म्हणून पानांची भांग महाराष्ट्रात मोकळी झाली असे समजू नये, कारण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा तिला लागू होतो. दुसरीकडे पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून आयुषच्या परवान्यावर बनतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्यूल ई-१ मध्ये भांग आणि गांजा यांची नोंद विषारी द्रव्यांत असल्यामुळे अशा औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावी लागते. टीएचसी हा गांजातला नशा आणणारा घटक सुटा काढला तर तो मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत जातो. बियांचे तेल आणि पीठ यांना २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अन्न म्हणून मान्यता दिली, पण त्या तेलात औषधी मात्रेइतके सीबीडी नसते, आणि दुकानात ही दोन्ही तेले एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी असतात. हे एवढे सगळे माझ्या ओळखीच्या किती औषधनिर्माण अधिकाऱ्यांना एका दमात सांगता येईल याचा मी अंदाज करू शकतो, पण तो इथे लिहीत नाही, कारण तो आकडा तुम्ही शोधायचा आहे. कायद्याचा एक प्रश्न मोडून पाच करा, एवढेच सांगतो.

या विषयात मला स्वतःला जाग कशी आली ते आता सांगतो, कारण तुमच्या प्रश्नावलीचा गाभा कुठे असावा हे त्यातून कळेल. काही वर्षांपूर्वी बालरोग विभागात परभणीकडची एक मुलगी दाखल झाली होती, वजन वीस किलो, लहानपणापासून झटके. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही झटक्यांवरची औषधे बऱ्याच दिवसांपासून चालू होती आणि मात्रा बदललेली नव्हती, तरी आठवड्याभरात ती इतकी झोपाळू झाली होती की घास तोंडात तसाच राहायचा. एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाल्याचे दाखवणारी रक्ततपासणी, वाढलेले होते, ते नुसत्या व्हॅल्प्रोएटनेही वाढते. निवासी डॉक्टरांनी औषधांचा आढावा घ्यायला मला बोलावले. केसपेपर पाहिला, आईला विचारले की आणखी काही देता का. ती खाली बघत राहिली. मग कोपऱ्यात बसलेल्या आजीने पिशवीची गाठ सोडून रुमालात बांधलेली ड्रॉपरची बाटली काढली. तिचा मुलगा पुण्याला कामाला होता, त्याने फोनवर डॉक्टरांशी बोलून ती मागवली होती.

लेबल असे होते: ३० मिली, विजयेच्या पानांचा अर्क १५०० मिलिग्रॅम, पाच थेंब दिवसातून दोनदा. मी आजीला विचारले, पाचच थेंब देता ना? ती म्हणाली, "थेंबाथेंबानं काय व्हायलंय, म्हणून म्या नळी भरून द्यायले."

हिशेब मी तिथेच, केसपेपरच्या मागच्या बाजूला केला. १५०० भागिले ३०, म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम अर्क. वीस थेंबांचा एक मिली धरला तर एका थेंबात अडीच. लेबलप्रमाणे दिवसाला दहा थेंब, म्हणजे २५ मिलिग्रॅम. नळी एक मिलीची, दोन वेळा भरून, म्हणजे १०० मिलिग्रॅम. सांगितल्याच्या चौपट. आणि हे १०० मिलिग्रॅम अर्काचे. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे लेबलवर कुठेच नव्हते. तुलनेसाठी, अमेरिकेत २५ जून २०१८ रोजी मान्यता मिळालेले एपिडिओलेक्स हे कॅनाबिडिऑलचे द्रावण एका मिलीत १०० मिलिग्रॅम शुद्ध कॅनाबिडिऑल असलेले असते, आणि लेनॉक्स-गॅस्टो व ड्रावे या बालवयात सुरू होणाऱ्या अपस्मारांत ते दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमने, दोन भागांत, सुरू करतात. वीस किलोच्या लेकराला ते १०० मिलिग्रॅमच होतात. आकडा तोच आला, पण एकीकडे घटक मोजलेला आहे आणि यकृताच्या तपासण्या ठरलेल्या आहेत, दुसरीकडे काहीच मोजलेले नाही. कॅनाबिडिऑल सीवायपी-२सी१९ या यकृतातल्या विकराला (एन्झाइमला) अडवते; शरीरात क्लोबाझामपासून तयार होणारा जो क्रियाशील पदार्थ याच विकराने निघून जायचा तो रक्तात साचतो, एपिडिओलेक्सच्या मात्रेत तो सुमारे तिपटीपर्यंत वाढलेला आढळला आहे. गुंगी त्यातून येते. व्हॅल्प्रोएटसोबत यकृताची विकरे वाढण्याचा धोका अधिक असतो, हेही त्याच औषधाच्या माहितीपत्रकात आहे. आणि अर्कात टीएचसी असेल तर त्याची गुंगी निराळी.

तेल बंद झाले, क्लोबाझामची मात्रा डॉक्टरांनी काही दिवस कमी ठेवली, आणि पाचव्या दिवशी मुलगी उठून बसली. हे तेलामुळेच झाले होते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण रक्तातली पातळी मोजण्याची सोय आमच्याकडे नव्हती. संशयित दुष्परिणामाचा फॉर्म भरला आणि त्यात "शक्य" एवढेच लिहिले. पण एक गोष्ट नि:शंकपणे सांगतो. याच्या चार-पाच वर्षे आधी मुखकर्करोगाच्या एका रुग्णाच्या मुलाने अशीच बाटली माझ्या खिडकीवर ठेवली होती, आणि मी ती हातातही न घेता "हे आधी बाहेर न्या, इथे चालत नाही" असे म्हणालो होतो. त्याने ती नेली. त्या रुग्णाला आणखी कोणती औषधे चालू होती हे मी विचारले नाही, आणि त्याने ती बाटली पुन्हा कुणाला दाखवली नसणार. त्या दिवशी माझी ज्ञानचाचणी घेतली असती तर मला चांगले गुण मिळाले असते.

म्हणून प्रश्नावलीच्या मध्यभागी एक बाटली ठेवा. लेबलचे छायाचित्र छापा, खाली रुग्णाची चालू औषधे लिहा, आणि विचारा की तुम्ही नातेवाइकांना पहिली तीन वाक्ये कोणती बोलाल. पर्याय देऊ नका, मोकळी जागा सोडा. उत्तरांत तुम्ही पाहायचे ते असे: कधीपासून आणि किती देता हे विचारले का, बाकीची औषधे पाहिली का, अर्काचे मिलिग्रॅम आणि सीबीडीचे मिलिग्रॅम यांतला फरक लक्षात आला का, डॉक्टरांना कळवतो असे म्हटले का. रुग्णांची उदाहरणे तीन-चार वेगळी ठेवा. क्लोबाझामचे एक ठेवाच. दुसरे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे ठेवा, कारण संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले आणि वॉरफरिनवर असलेले तरुण रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि सीबीडी व टीएचसी दोहोंमुळे आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत. तिसरे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन, ते शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसवर असलेल्याचे, सीबीडीने त्याची पातळी वाढते. चौथे असे ठेवा ज्यात तेलाचा काहीही दोष नाही, म्हणजे सगळे खापर तेलावर फोडणारेही ओळखू येतील. जेवणाविषयीही एखादा प्रश्न असू द्या: स्निग्ध जेवणासोबत घेतले तर कॅनाबिडिऑल रक्तात कितीतरी जास्त, सुमारे चौपट, शोषले जाते, त्यामुळे एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस तूपभातानंतर दिलेली सारखीच मात्रा प्रत्यक्षात सारखी राहत नाही. हे घरच्या माणसाला पटकन समजते आणि फार्मासिस्टाने सांगावे असेच आहे.

उपयुक्ततेच्या पुराव्यांवर तुम्ही सात विधाने दिली आहेत आणि सहमती विचारली आहे. ही पद्धत ठीक आहे, पण विधाने तपासून घ्या. काही ठरावीक बालवयीन अपस्मारांत कॅनाबिडिऑलचा पुरावा भक्कम आहे. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी ड्रोनाबिनॉल व नॅबिलोन या टीएचसीच्या धर्तीच्या कृत्रिम औषधांना अमेरिकेत १९८५ पासून मान्यता आहे, पण त्या काळच्या चाचण्या जुन्या औषधांशी तुलना करून झाल्या होत्या. आज ऑन्डान्सेट्रॉन आणि ओलान्झापिन ही उलट्यांवरची औषधे हाताशी असताना त्यांची जागा बरीच मागे गेली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंच्या ताठरपणासाठी सटिव्हेक्स हा टीएचसी व सीबीडी असलेला तोंडात मारायचा फवारा काही देशांत वापरतात. दीर्घकालीन वेदनांविषयी तज्ज्ञांतच एकमत नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांत भरीव पुरावा असल्याचे म्हटले, तर वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये सरसकट वापराची शिफारस करण्यास नकार दिला. अशा विधानावर "चूक" आणि "बरोबर" असे गुण देऊ नका. कर्करोग बरा होतो हे विधान मात्र चूक म्हणूनच मोजा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बीड, जालना, हिंगोलीकडून येणाऱ्या कुटुंबांच्या मोबाईलवर हेच विधान सर्वांत जास्त फिरते, आणि त्यापायी केमोथेरपीची तारीख चुकवणारे लोक असतात.

इथे एक आडवाटेचे निरीक्षण नोंदवतो. तेलाविषयी विचारायला येणाऱ्या कर्करोग रुग्णांपैकी बऱ्याच जणांची खरी तक्रार वेदनेची नाहीतर झोपेची असते, आणि केसपेपर उघडला की मॉर्फिनच्या जागी अजून ट्रामाडॉलच असते, किंवा मॉर्फिन असते पण बद्धकोष्ठतेचे औषध सोबत नसल्यामुळे रुग्णाने ते आपणच सोडलेले असते. अशा माणसाला गांजाच्या पुराव्यांवर व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. त्याला आधी वेदना-उपशमन विभागात पाठवायचे असते.

आता विरोध कशाला असतो, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही असे गृहीत धरले आहे की ज्ञान कमी म्हणून विरोध, आणि प्रशिक्षण दिले की विरोध मावळेल. माझ्या अनुभवात विरोधाची मुळे दोन आहेत आणि दोन्ही अज्ञानात नाहीत. पहिले मूळ मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण खिडकीत आहे. तिथे रात्री झोप न येणारी, कुणीतरी मागावर आहे असे सांगणारी, विशी-बाविशीतली गांजा ओढणारी पोरे आणि त्यांना धरून आणलेले वडील ज्याने रोज पाहिले आहेत, त्या फार्मासिस्टाला "ही निरुपद्रवी वनस्पती आहे" असे कुणी म्हटले की राग येतो, आणि तो राग चुकीचा नाही. टीएचसीने मनोविकृती उफाळू शकते. त्याची चूक झालीच तर एवढी की ओढलेल्या गांजाचा अनुभव तो मोजून दिलेल्या कॅनाबिडिऑललाही लावतो. तुमच्या दृष्टिकोनाच्या प्रश्नांत टीएचसी आणि सीबीडी वेगळे केले तर ही गल्लत किती जणांची होते हे दिसेल.

दुसरे मूळ कपाटात आहे. १९८५ चा कायदा आला तेव्हा तो गुन्हेगारांसाठी होता, पण त्याची धास्ती रुग्णालयांनी घेतली. परवान्यांची साखळी, खात्यांचे हेलपाटे आणि शिक्षेचे भय यांमुळे पुढच्या बारा-एक वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला, आणि वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिन नाकारणे हीच सुरक्षित रीत होऊन बसली. २०१४ च्या दुरुस्तीने आवश्यक अंमली औषधे हा गट केला, पुढच्या वर्षी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोन ही सहा नावे त्यात आली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी झाली. नियम बदलले तरी हात बदलायला वेळ लागतो. आमच्याकडे एकदा रात्रपाळीत मॉर्फिनचे एक अँप्यूल हातातून पडून फुटले. दहा-बारा रुपयांची वस्तू. पण काचेचे तुकडे पाकिटात भरून त्यावर दोघांच्या सह्या, सिस्टरचा जबाब, माझा खुलासा, रजिस्टरमधली तांबड्या शाईची नोंद, असे तीन दिवस चालले, आणि त्यानंतर त्या सिस्टरने कित्येक महिने मॉर्फिनच्या इंडेंटवर सही करायचे टाळले. ज्याने हे पाहिले आहे तो तुमच्या प्रश्नावलीत "वैद्यकीय गांजा रुग्णालयात उपलब्ध असावा" या विधानापुढे "तीव्र असहमत" लिहितो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रुग्ण नसतो, आणखी एक रजिस्टर असते. हे वेगळे काढायचे असेल तर त्याच विधानाला जोडून दुसरे ठेवा: "त्याची नोंद आणि जबाबदारी दुसऱ्या विभागाकडे असेल तर तो उपलब्ध असावा." दोन्ही उत्तरे सारखी आली तर विरोध औषधाला आहे, दुसऱ्यात माणूस मवाळ झाला तर विरोध सहीला आहे. आणि मॉर्फिनविषयीही दोन प्रश्न घाला. मॉर्फिन द्यायला कचरणारा गांजाच्या बाबतीत काय म्हणेल हे मला जवळपास सांगता येते, पण माझा हा समज तुमच्या आकड्यांनी खोटा ठरला तरी चालेल.

नव्या पिढीत उलटा दोष दिसतो. नुकते रुजू झालेले काही जण उत्साहाने बाजू घेतात. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक सूचीतून काढले आणि भारताने त्या बाजूने मत दिले हे त्यांना तोंडपाठ असते, पण क्लोबाझामशी होणारी आंतरक्रिया विचारली की गप्प होतात. त्यांना "सकारात्मक दृष्टिकोन" म्हणून वरचे गुण मिळतील अशी तुमची सध्याची गुणपद्धती आहे. तिचा फेरविचार करावा.

नमुना निवडताना नांदेड आणि धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील फार्मासिस्टांना अवश्य घ्या, पण त्यांचा गट निराळा ठेवा. विजया त्यांच्यासाठी परकी नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने भांगेचे उदाहरण व्यवायी, म्हणजे पचण्याआधीच शरीरभर पसरणारे, द्रव्य म्हणून दिले आहे हे ते तुम्हाला सांगतील. त्यांना अडेल ते आधुनिक औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियांवर, आणि आपल्या लोकांना अडेल ते शेड्यूल ई-१ वर. सगळ्यांना एकत्र करून सरासरी काढलीत तर दोघांचेही अडणे झाकले जाईल.

प्रत्यक्ष वाटपाविषयी थोडे. नैतिकता समितीची मंजुरी घ्यालच. फॉर्म अधीक्षकांच्या किंवा मुख्य औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या हस्ते वाटू नका, कारण वरून आलेल्या कागदाला आपला माणूस कार्यालयीन उत्तर देतो. नाव, विभाग आणि नोकरीची वर्षे हे तिन्ही एकत्र विचारलेत तर जिल्हा रुग्णालयात माणूस लगेच ओळखता येतो. नाव विचारू नका, आणि वर्षांचे गट करा. स्वतः कधी सेवन केले आहे का, हा अठरावा प्रश्न काढूनच टाका, त्याचे खरे उत्तर मिळणार नाही आणि त्यामुळे पुढची उत्तरेही बिघडतील. सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत कुणाच्या हातात कागद देऊ नका. दुपारी तीननंतर जा, समोर बसून भरून घ्या, आणि शक्य असेल तर रात्रपाळीवाल्यांनाही गाठा, कारण नातेवाईक पिशवीतली बाटली बहुधा रात्रीच दाखवतात, जेव्हा मोठे डॉक्टर नसतात आणि खिडकीपुढे रांग नसते.

लेबलचे छायाचित्र माझ्याकडून घ्या. ती बाटली आजीने परत नेली नाही. संशयित दुष्परिणामाच्या फॉर्मच्या प्रतीसोबत ती सीलबंद पाकिटात आमच्या विभागात ठेवलेली आहे. कंपनीचे नाव झाकून छापा. पाच थेंबांची ओळ मात्र स्पष्ट दिसू द्या, आणि शेजारी एक मिलीची भरलेली नळी ठेवून तिचाही फोटो घ्या.